रोबोटला आधी नजर रोखायला शिकवा

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. बेळगावजवळच्या कडोली भागातल्या तीन विद्यार्थ्यांनी कोबीच्या सरीतून चालणारा चारचाकी रोबोट केलाय. वर दोन सर्व्होंवर, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरींवर, फिरणारा कॅमेरा आहे. पानांवरची छिद्रं आणि चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी ओळखणं हे त्याचं काम. टेबलावर तो सगळं बरोबर ओळखतो. शेतात उतरवला की चित्र पुसट येतं आणि कॅमेरा गड्ड्यावर टिकत नाही, एकदा डावीकडं जातो, एकदा उजवीकडं. त्यांच्यातल्या एकाचे आजोबा बांधावर उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "हे नुसतं मान हलवुलालंय, बघुलालं कुठं?" आता मुलांपुढे दोन पर्याय आहेत. एक म्हणजे ४के कॅमेरा आणि जास्त ताकदीचा बोर्ड (रोबोटवरचा छोटा संगणक) घेणं, दुसरा म्हणजे आयकब या माणसासारख्या दिसणाऱ्या रोबोटसारखं दोन डोळ्यांचं डोकं बनवणं. यातला कुठला घ्यावा, असं त्यांनी विचारलंय.

माझं उत्तर आहे, आत्ता यातला कुठलाच नको. आजोबांनी जे पाहिलं तेच खरं दुखणं आहे. तुमचा रोबोट ओळखण्यात कमी पडत नाही, नजर रोखण्यात कमी पडतो. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात कास्टिंग (ओतीव भाग) तपासणाऱ्या कॅमेऱ्यांचं काम करतो आणि त्याच्या जोडीला फिरत्या कॅमेऱ्यांचंही. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते: लोक पैसा ओळखण्यावर घालतात आणि चित्र स्थिर करण्याचं काम शेवटी कधीतरी करू म्हणून ठेवून देतात. निसर्गानं हे बरोबर उलट्या क्रमानं केलंय.

आधी ४के कॅमेऱ्याचा हिशेब करू. सरीतल्या ढेकळांवरून जाताना तुमचा रोबोट समजा सेकंदाला तीन हेलकावे खातो आणि दर हेलकाव्यात मधल्या स्थितीपासून पाच-पाच अंश हलतो. मग कॅमेऱ्याचा कमाल वेग २ × ३.१४ × ३ × ५, म्हणजे सेकंदाला साधारण ९४ अंश होतो. एक्स्पोजर, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड घेण्याचा वेळ, १० मिलिसेकंदांचं असेल तर एक फ्रेम टिपली जाईतो कॅमेरा जवळजवळ एक अंश फिरलेला असतो. तुमच्या आत्ताच्या कॅमेऱ्यात ६० अंशांत ६४० पिक्सेल आहेत, म्हणून चित्र १० पिक्सेलभर फरफटतं. ४के घेतलात तर त्याच ६० अंशांत ३८४० पिक्सेल येतील आणि चित्र ६० पिक्सेलभर फरफटेल. पानावरचं जे छिद्र आज दिसत नाही ते तेव्हाही दिसणार नाही. फक्त न दिसणारं चित्र सत्तावीस पट जड होईल आणि ते हाताळायला मोठा बोर्ड लागेल.

आता आपल्या डोळ्याकडे बघा. बारीक तपशील दिसणारा भाग, फोव्हिया, अगदी छोटा असतो. हात लांब करून अंगठ्याचं नख बघितलंत तर जेवढं दिसतं साधारण तेवढाच, एक-दोन अंशांचा. बाकी सगळं दृश्य अंधूकच असतं, आपल्याला ते जाणवत नाही एवढंच. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत दहा-बारा लाख तंतू आहेत, म्हणजे आजच्या हिशेबानं एक मेगापिक्सेलच्या आसपास. एवढ्या तुटपुंज्या वाटेवरून आपण एवढं नेमकं बघतो ते डोळा हलता आहे म्हणून. डोळा सेकंदाला तीन-चार वेळा झटक्यानं उडी मारतो, तिला सॅकेड म्हणतात, आणि दोन उड्यांच्या मध्ये तो घट्ट थांबतो. बघणं होतं ते या थांबण्यात. उडी चालू असताना आपण जवळजवळ काहीच बघत नाही, कारण मेंदू त्या वेळचं चित्र दाबून टाकतो. आरशापुढे उभं राहून एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर नजर न्या. स्वतःचे डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत, शेजारी उभ्या असलेल्याला मात्र दिसतील.

डोळा हलवणारी यंत्रणा एकच नाही, वेगवेगळ्या वयाच्या आणि वेगवेगळ्या वेगाच्या चार-पाच यंत्रणा एकावर एक बसलेल्या आहेत. रेमंड डॉज यांनी १९०३ सालीच डोळ्यांच्या हालचालींचे पाच प्रकार वेगळे करून मांडले होते. तुमच्या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा प्रकार सगळ्यात जुना आहे: डोकं हललं की डोळा तेवढाच उलट फिरवणारी प्रतिक्षिप्त क्रिया. हिला व्हेस्टिब्युलो-ऑक्युलर रिफ्लेक्स म्हणतात, पुढे मी व्हीओआर लिहितो.

ती समजून घ्यायला वर्तमानपत्राचं एक पान घ्या आणि तिघांनी आळीपाळीनं करून बघा. पान हातभर अंतरावर धरून डोकं स्थिर ठेवा आणि पान सेकंदाला दोन-तीन वेळा डावी-उजवीकडे हलवा. बातमीची बारीक अक्षरं वाचता येणार नाहीत, सगळं पुसट होईल. आता पान स्थिर ठेवा आणि नाही-नाही म्हणताना हलवतो तसं डोकं त्याच वेगानं हलवा. अक्षरं आरामात वाचता येतील. डोळ्याच्या दृष्टीनं दोन्हीकडे हालचाल तेवढीच आहे. फरक वेळेत आहे. पान हलतं तेव्हा ते सरकलंय हे आधी चित्रावरून कळावं लागतं, मग डोळा मागे लागतो, आणि त्यात १०० मिलिसेकंदांच्या वर वेळ जातो. डोकं हलतं तेव्हा कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना ते थेट कळतं आणि मध्ये जेमतेम तीन पेशींचा टप्पा ओलांडून सुमारे १० मिलिसेकंदांत डोळा उलट फिरायला लागतो. चित्राची वाट कोणी बघतच नाही.

तुमचा कॅमेरा डुलतो तो नेमका याच कारणानं. तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये फ्रेममध्ये गड्डा सापडतो, तो मध्यापासून किती पिक्सेल दूर आहे ते काढलं जातं आणि त्या प्रमाणात सर्व्हो फिरवला जातो. हे बरोबरच आहे, पण त्याला मर्यादा आहे आणि ती मर्यादा गणिताची आहे. फ्रेम टिपून वाचायला ३३ मिलिसेकंद, यूएसबीवरून यायला थोडे, ओळखायला ३०-४०, सर्व्होला हुकूम पोचायला २०, असे मिळून १०० मिलिसेकंद सहज होतात. बघायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा बघायचं या फेऱ्याला लूप म्हणतात, आणि चुकीच्या प्रमाणात किती जोरानं दुरुस्ती करायची त्या आकड्याला गेन. एवढा उशीर असलेल्या लूपमध्ये गेन आणि सेकंदांतला उशीर यांचा गुणाकार १.५७ च्या वर गेला की लूप स्वतःहून झुलायला लागतो. झोके न घेता नीट बसायला हवा असेल तर तो गुणाकार ०.४ च्या आसपास ठेवावा लागतो. ०.१ सेकंद उशिराला गेन ४ येतो. असा लूप सेकंदाला ०.६ हेलकाव्यांपर्यंतच काही करू शकतो, आणि तुमची सरी तर सेकंदाला तीन हेलकावे देते. तुम्ही गेन वाढवून बघितलात तेव्हा डुलणं आणखी वाढलं, असं लिहिलंय. ते वाढणारच होतं. चांगला कॅमेरा आणून किंवा जलद बोर्ड लावून हा उशीर निम्मा होईल, एक दशांश होणार नाही.

म्हणून पहिलं काम गायरो, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारी चिप. साधा एमपीयू-६०५० चालेल. तो कुठं लावायचा हे मात्र नीट ऐका: कॅमेऱ्यावर लावू नका, पॅन-टिल्टच्या (कॅमेरा डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरवणाऱ्या सांध्याच्या) खालच्या प्लेटवर लावा. आपल्या नलिकाही डोळ्याच्या बुबुळात नाहीत, कवटीच्या हाडात आहेत. कॅमेऱ्यावर लावलात तर सर्व्होनं स्वतः केलेली हालचालही गायरो मोजेल आणि पुढे तुम्ही मुद्दाम नजर उडवायला जाल तेव्हा हाच रिफ्लेक्स तिला अडवायला बघेल. खालच्या प्लेटवर असला की तो फक्त शरीर किती फिरलं ते सांगतो, आणि तुम्ही सर्व्होला तेवढाच उलटा वेग देता. हा लूपच नाही, सरळ पुढे पाठवलेला हुकूम आहे, त्यामुळे तो झुलण्याचा प्रश्नच येत नाही.

इथेही उशीर मोजावा लागतोच. सेकंदाला तीन हेलकावे असताना १० मिलिसेकंद उशीर झाला तर साधारण १९ टक्के हालचाल शिल्लक राहते. म्हणजे ९४ अंशांचा वेग १८ वर येतो आणि १० पिक्सेलची फरफट दोनवर. कॅमेरा तोच, बोर्ड तोच, आणि पानावरचं छिद्र दिसायला लागतं. पण साध्या हॉबी सर्व्होला सेकंदाला पन्नासच हुकूम जातात, म्हणजे नुसता तिथेच २० मिलिसेकंदांपर्यंत उशीर होऊ शकतो आणि ३८ टक्के हालचाल शिल्लक राहते. जास्त वेगानं हुकूम घेणारे डिजिटल सर्व्हो घ्या, किंवा त्याहून बरं म्हणजे ड्रोनचा कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलमध्ये असतात त्या ब्रशलेस मोटर वापरा. त्यांना गिअर नसतो, हा मोठा फायदा. स्वस्त सर्व्होच्या गिअरमध्ये एक अंशाचा प्ले (सैलपणा) सहज असतो, म्हणजे दहा पिक्सेल. तुमचा व्हीओआर कितीही अचूक असला तरी कॅमेरा त्या प्लेमध्ये खडखडत राहणार. कॅमेरा हातात धरून हलक्या हातानं डावी-उजवीकडे हलवून बघा. बोटाला टिचकीसारखं जाणवलं तर त्या सांध्यावर पुढचं कुठलंच काम उभं राहणार नाही. या बाबतीत आपण नशीबवान आहोत. बेळगावात हायड्रॉलिक पंपांचे आणि ऑटोमोबाइलचे बारीक मापाचे भाग करणारी वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. ब्रॅकेट थ्रीडी प्रिंट करण्यापेक्षा ॲल्युमिनियमचं कातवून दोन बेअरिंगांवर बसवून घ्या. टर्नरला फक्त "प्ले नको" एवढं सांगा, बाकीचं त्याला तुमच्याहून जास्त कळतं.

पॅनचा अक्ष आणि गायरोचा अक्ष कसे जुळतात तेही बघा. टिल्टचा अक्ष पॅनबरोबर फिरतो, म्हणून गायरोची आकडेवारी पॅनच्या कोनानं फिरवूनच टिल्टला द्यायची. कॅमेरा सरळ पुढे बघत असेल तर रोबोट एका बाजूला कलणं हे चित्रात मध्याभोवती फिरणं असतं आणि ते दोन मोटरींनी थांबत नाही. ते सॉफ्टवेअरमध्ये सरळ करा. पण कॅमेरा ९० अंश वळून बाजूच्या सरीकडे बघत असेल तर तेच कलणं वर-खाली हालचाल होऊन येतं आणि ते टिल्टनं थांबवायचं असतं. हा फेर कोडमध्ये सुटला की पुढे बघताना सगळं छान आणि बाजूला बघताना सगळं उलटं असा विचित्र अनुभव येतो.

आता व्हीओआरच्या गेनबद्दल. शरीर जेवढं फिरलं तेवढाच कॅमेरा उलट फिरवायचा, म्हणजे गेन १, हे दूरच्या वस्तूसाठी ठीक आहे. जवळच्या वस्तूसाठी नाही. कॅमेरा फिरण्याच्या अक्षाच्या २० सेंटिमीटर पुढे असेल आणि गड्डा कॅमेऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर गेन १ + २०/६०, म्हणजे १.३३ लागतो. शरीर फिरताना कॅमेरा बाजूलाही सरकतो, त्याची ही भरपाई. आपला डोळाही जवळचं बघताना हा गेन वाढवतो. बरं, तो गेन जन्मभर एकसारखा राहत नाही. चष्म्याचा नंबर बदलला तरी बदलावा लागतो. गोन्शोर आणि मेल्व्हिल जोन्स यांनी माणसांना डावं-उजवं उलटं दाखवणारे प्रिझम दिवसच्या दिवस घालायला लावले, तेव्हा हा रिफ्लेक्स हळूहळू त्यांच्याशी जुळवून घेत उलट्या दिशेला वळू लागला. लहान मेंदू हे शिकवतो, अशी मांडणी जपानचे मासाओ इतो यांनी केली. शिकवण्याची रीत तुम्ही चार ओळींत लिहू शकता. भरपाई करूनही चित्र सरकत असेल आणि ते सरकणं गायरोच्या आकड्याबरोबर वर-खाली होत असेल, तर गेन चुकीचा आहे. सरकणं आणि गायरोचा वेग यांचा गुणाकार घ्या, एका छोट्या अंकानं गुणा आणि योग्य त्या चिन्हानं गेनमध्ये मिळवत राहा. सरीतून थोडं चालल्यावर गेन आपोआप जागेवर येतो. मला रोबोटिक्समधलं हे सगळ्यात देखणं काम वाटतं. रोबोटला कोणी काही शिकवत नाही, तो नुसता चालता चालता आपली नजर स्वतः जुळवून घेतो.

गायरो मंद हालचालीत फसतो. स्थिर असतानाही तो थोडा आकडा दाखवत राहतो आणि कॅमेरा हळूहळू वाहत जातो. सुरू केल्यावर दोन सेकंद रोबोट स्थिर ठेवून ती सरासरी वजा करा. उरलेलं काम तुमच्या जुन्या, चित्रावर चालणाऱ्या लूपला द्या, गेन ४ च्या आसपास ठेवून. जलद हालचाल गायरोनं सांभाळायची, मंद हालचाल चित्रानं. आपल्यातही हेच वाटप आहे: मंद वळणात नलिकांचा इशारा विझत जातो आणि दृश्य सरकताना दिसलं की डोळा त्याच्यामागे जातो, त्याला ऑप्टोकायनेटिक प्रतिक्रिया म्हणतात. लोंढ्याकडे जाणाऱ्या रेल्वेत खिडकीशी बसलेल्याच्या डोळ्यांकडे कधी बघा. डोळे बाहेरच्या झाडाबरोबर हळू मागे सरकतात, झटक्यात पुढे येतात, पुन्हा मागे सरकतात.

हे रेल्वेतल्या डोळ्यांचं तुम्हाला थेट उपयोगी आहे, कारण गायरोला फिरणं कळतं, सरळ पुढे जाणं कळत नाही. तुमचा रोबोट सेकंदाला अर्धा मीटर चालतो आणि गड्डा बाजूला ६० सेंटिमीटरवर असतो, तेव्हा नुसत्या चालण्यानं तो सेकंदाला ४८ अंशांनी मागे पळतो. ही गोष्ट कोंबडीनं फार सुंदर सोडवलीय. कोंबडीला दोन्ही हातांत धरा आणि तिचं अंग हळू पुढे-मागे, वर-खाली करा. डोकं हवेत खिळल्यासारखं जागेवर राहतं, मान तेवढी लांब-आखूड होते. पक्ष्यांचे डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत, म्हणून डोळ्याचं काम मान करते. चालताना ती डोकं पुढे फेकते आणि तिथेच धरून ठेवते, अंग खालून पुढे येतं, मग पुन्हा डोकं फेकते. आपल्याला ते मान डोलवणं वाटतं, पण त्यातला बराच वेळ डोकं जागेवर स्थिर असतं. बॅरी फ्रॉस्ट यांनी १९७८ मध्ये कबुतराला ट्रेडमिलवर चालवलं. पाय चालत होते, पण आजूबाजूचं दृश्य सरकत नव्हतं, आणि कबुतराची मान हलायची थांबली. म्हणजे ती मान तोल सांभाळायला हलत नाही, नजर सांभाळायला हलते.

तुमच्या रोबोटला हेच करायला लावा. चाकांच्या एन्कोडरवरून (चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या सेन्सरवरून) वेग कळतो आणि गड्ड्याचं अंतर अंदाजे माहीत आहे, त्यामुळे कॅमेरा किती वेगानं मागे न्यायचा ते चित्राची वाट न बघता काढता येतं. अर्धा सेकंद एका गड्ड्यावर नजर धरून ठेवा, तेवढ्यात कॅमेरा २४ अंश मागे गेलेला असेल. त्या अर्ध्या सेकंदात पंधरा स्थिर फ्रेम मिळतात. त्यातली सगळ्यात स्पष्ट एक निवडा आणि तीच ओळखणाऱ्या प्रोग्रामला द्या. मग उडी मारून पुढच्या गड्ड्यावर जा. सेकंदाला तीस पुसट फ्रेम तपासण्यापेक्षा अर्ध्या सेकंदाला एक स्वच्छ फ्रेम तपासणं आत्ताच्या बोर्डला सहज झेपेल. मोठ्या बोर्डचा खर्च इथेच वाचतो.

उडीची रीत वेगळी आहे. धरून ठेवताना आपण सतत दुरुस्ती करतो, उडीत करायची नाही. डोळा सॅकेडच्या वेळी सेकंदाला पाचशे-सातशे अंशांपर्यंत जातो आणि लहान उडी ३०-४० मिलिसेकंदांत संपते. तेवढ्या वेळात चित्र मेंदूपर्यंत पोचतसुद्धा नाही. म्हणून किती जायचं ते आधी ठरतं आणि मग डोळा डोळे झाकून गेल्यासारखा जातो. डेव्हिड रॉबिन्सन यांनी १९७२ मध्ये माकडाच्या मेंदूतल्या सुपीरियर कॉलिक्युलस या भागाला ठिकठिकाणी विजेचा हलका स्पर्श दिला, तेव्हा प्रत्येक जागेसाठी ठरावीक दिशेची आणि ठरावीक लांबीची उडी निघाली. म्हणजे तिथे नजरेचा एक नकाशाच आहे. तुम्हीही तसा तक्ता करा: चित्रातल्या अमुक पिक्सेलवर वस्तू असेल तर पॅन इतका, टिल्ट इतका. सूत्रानं काढण्यापेक्षा रोबोटलाच शिकू द्या. कागदावर एक काळा ठिपका काढा, उडी मारा, ठिपका मध्यापासून किती चुकला ते बघा आणि तक्त्यातला तो आकडा थोडा सुधारा. लेन्सचा वाकडेपणा, ब्रॅकेटची तिरकी बैठक, सगळं त्या तक्त्यात आपोआप येतं. उडी थोडी कमी पडली तर चालतं. आपला डोळाही मोठी उडी किंचित कमीच मारतो आणि मागून छोटी दुरुस्तीची उडी घेतो.

उडी चालू असताना आलेल्या फ्रेम फेकून द्या. त्या वेळी चित्राचा लूप गप्प ठेवा, नाहीतर तो आपल्याच हालचालीला गड्ड्याचं हलणं समजेल. व्हीओआर चालू राहू द्या, गायरो खालच्या प्लेटवर असल्यानं त्याला ही उडी दिसतच नाही. आणि इथे एक गोष्ट अगदी आग्रहानं सांगतो. आत्ता हातात आलेली फ्रेम आत्ताची नसते, ती ५०-६० मिलिसेकंदांपूर्वीची असते. ती फ्रेम आणि कॅमेऱ्याचा आत्ताचा कोन यांची जोडी लावली तर गड्ड्याची जागा दर वेळी चुकते आणि दोष उगाच ओळखणाऱ्या प्रोग्रामवर जातो. गेल्या एका सेकंदाचे गायरोचे आणि कोनांचे आकडे वेळेसकट साठवून ठेवा, आणि फ्रेम ज्या क्षणी टिपली त्या क्षणाचा कोन त्यातून काढा. मेंदूही हे करतो, स्नायूंना दिलेल्या हुकमाची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो.

कुठं बघायचं हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवलाय. तुम्ही इट्टी, कोख आणि नीबर यांची १९९८ ची पद्धत वापरायचा विचार करताय, ज्यात रंग, उजेड आणि दिशा यांच्या फरकावरून चित्रातली सगळ्यात उठून दिसणारी जागा काढतात, तिथे नजर नेतात आणि बघून झालेली जागा काही वेळ दाबून ठेवतात. पद्धत चांगली आहे, तिनं पुढच्या कितीतरी कामांना पाया दिला. पण शेतात तिचा पहिला मान मिळतो तो ठिबकच्या पाइपवर चमकणाऱ्या उन्हाला, मग वाऱ्यानं आलेल्या प्लास्टिकला. कोबी हिरव्यात हिरवा, तो उठून दिसत नाही. रशियातल्या आल्फ्रेड यार्बुस यांनी एकच चित्र एकाच माणसाला वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवलं आणि दर वेळी नजरेची वाट वेगळी निघाली. नजर कामाच्या मागे जाते. आणि कामाची माहिती तुमच्याजवळ भरपूर आहे: लागवड ओळीत आहे, दोन रोपांत साधारण ४५ सेंटिमीटर अंतर आहे. म्हणजे पुढचा गड्डा कुठं येणार ते दिसण्याआधीच माहीत आहे. तिथे उडी मारून वाट बघा.

क्रिकेट खेळणाऱ्यांना हे पटकन कळेल. मायकल लँड आणि पीटर मॅक्लिओड यांनी २००० साली फलंदाजांच्या नजरेची नोंद घेतली. चेंडू हातातून सुटताना ते त्याच्याकडे बघतात आणि मग नजर चेंडूला सोडून पुढे, तो टप्पा पडणार त्या जागी उडी मारते. चेंडू नंतर तिथे येतो. चांगल्या फलंदाजाची उडी लवकर होते. चेंडूवरून नजर हटवू नकोस असं आपण पोरांना सांगतो, पण वेगवान गोलंदाजीला चांगला फलंदाजसुद्धा तसं करत नाही.

सरीच्या मधोमध चालण्यासाठी कॅमेऱ्यावर भार टाकू नका. मधमाशी अरुंद बोळातून उडताना दोन्ही बाजूंचं दृश्य सारख्याच वेगानं मागे सरकेल अशी राहते आणि आपोआप मध्ये येते. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकून पुढे ऑस्ट्रेलियात काम केलेल्या मंड्यम श्रीनिवासन यांनी हे दाखवलं. दोन बाजूंना दोन स्वस्त, कमी पिक्सेलचे कॅमेरे लावून तुम्हीही हे करू शकता. फक्त लक्षात ठेवा, रोबोट फिरल्यामुळे दृश्य सरकतं त्यात अंतराची काहीच माहिती नसते, ती फक्त पुढे जाण्यामुळे सरकतं त्यात असते. म्हणून इथेही आधी गायरोनं फिरणं वजा करायचं, मग दोन बाजूंची तुलना करायची. कोबी लहान असताना माती आणि पान यांचा फरक पुरतो. पीक एकमेकांत मिसळलं की हे फसतं, तेव्हा चाकांच्या नोंदीवर जा.

आयकबबद्दल: इटलीत जेनोव्यात तो घडला, त्याचा प्रकल्प २००४ मध्ये सुरू झाला, त्याच्या एकूण ५३ स्वतंत्र हालचाली आहेत आणि त्यातल्या डोळ्यांच्या तीन. ते डोकं लहान मूल हाताळून कसं शिकतं हे अभ्यासण्यासाठी आहे. तुम्हाला दोन डोळ्यांतून मिळणारं अंतर आत्ता लागत नाही, कारण जमीन आणि कॅमेऱ्याची उंची माहीत आहे. त्यापेक्षा एमआयटीच्या कॉग या रोबोटची कल्पना उचला. त्याच्या प्रत्येक डोळ्यात एक रुंद आणि एक अरुंद दृश्याचा असे दोन कॅमेरे होते, म्हणजे कडेची अंधूक नजर आणि फोव्हिया. तुमचा आत्ताचा कॅमेरा रुंद म्हणून राहू द्या, त्याच्या शेजारी अरुंद लेन्सचा, ग्लोबल शटरचा (सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपणारा) दुसरा लावा. ४के च्या विचारात बाजूला काढलेले पैसे त्यात घाला. फरक झालेल्या पिक्सेलचीच खबर देणारे इव्हेंट कॅमेरेही येताहेत आणि ते अतिशय जलद आहेत, पण वारा सुटला की शेतातलं प्रत्येक पान खबर द्यायला लागतं, शिवाय किंमत आपल्या आवाक्यातली नाही.

पुढच्या वेळी मला व्हिडिओ पाठवू नका, आकडे पाठवा. ओळखणारा प्रोग्राम बंद ठेवा. रोबोट एका फळीवर ठेवून हातानं डुलवा, दोन मीटरवर वर्तमानपत्राचं पान लावा, आणि व्हीओआर बंद असताना आणि चालू असताना मथळा वाचता येतो का ते बघा. त्याच वेळी गायरो, दोन्ही मोटरींचे कोन आणि प्रत्येक फ्रेमची वेळ एकाच घड्याळावर नोंदवा, तीन ठिकाणची तीन घड्याळं नकोत. फळीवर मथळा वाचता आला की सरीत उतरा. पावसाळा लागायच्या आधी उतरा, कारण आपल्याकडचा पाऊस एकदा बसला की लाल चिखलात चाकं रुततील आणि मग नजरेची चाचणी करायला दिवाळीपर्यंत थांबावं लागेल.